सागाची झाडं उक्ती देताय? थांबा, आधी टेप घेऊन रानात जा

प्रश्न: नमस्कार काका. आमचं गाव राजापूर तालुक्यात, आम्ही राहतो ठाण्याला. सासऱ्यांनी १९९८ साली घरामागच्या वरकस (हलक्या, उताराच्या) जमिनीत सागाची दीडशे रोपं लावली होती, त्यातली ११० आता उभी आहेत. सासरे २०१९ ला गेले. यंदा गणपतीला गेलो तेव्हा एक व्यापारी येऊन झाडं बघून गेला, सगळ्यांचे मिळून उक्ते, म्हणजे न मोजता एकरकमी, ३ लाख ३० हजार देतो म्हणाला. ५० हजार लगेच विसार, परवानगी वगैरे सगळं तोच बघणार, आम्ही फक्त स्टॅम्प पेपरवर सह्या करायच्या. आम्हाला मे महिन्यात घराचं छप्पर काढायचंय, नवे वासे घालायचेत, दोन दरवाजे बदलायचेत, म्हणून मिस्टर म्हणतात देऊन मोकळे होऊ. दीर म्हणतात १० वर्षं थांबलो तर कोटी मिळतील. सासूबाई काहीच बोलत नाहीत, एवढंच विचारलं की मधला फणस नाही ना जाणार. काय करू?

उत्तर: ताई, पहिली गोष्ट म्हणजे सही करू नका. विसार घेतला नसेल तर घेऊ नका, आणि घेऊन बसला असाल तर खर्च करू नका, बाजूला ठेवा. बाकी सगळं आपण सावकाश बघू, सागाला घाई नसते, घाई व्यापाऱ्याला असते.

मी १२ वर्षं एका सॉ मिलवर हिशेबाची वही लिहायचो. म्हणजे ओंडका ट्रकमधून खाली पडला की माप घेणारा ओरडून आकडा सांगायचा आणि मी लिहायचो, त्यामुळे झाडाच्या मालकाला काय सांगितलं जातं आणि वहीत काय पडतं हे दोन्ही मी बघितलंय. पुढे स्वतःची झाडं विकताना मीच फसलो हा भाग वेगळा, ते खाली सांगतो.

आधी त्या ३ लाख ३० हजारांचं बघू. ११० झाडांनी भागलं तर झाडाला ३००० येतात. ऐकायला वाईट नाही वाटत. पण तुमची ११० झाडं एकसारखी आहेत का? शक्यच नाही. २७ वर्षांत काही चांगली जाडजूड झाली असतील, काही मधली, आणि काही सावलीत दबून काठीसारखी राहिली असतील. समजा एखादं मधलं झाड आहे, त्याचं सरळ खोड १६ फूट मिळतं आणि मधोमध गोलाई ३२ इंच. त्यात धंद्याच्या मापाने ७ घनफुटाच्या थोडं वर लाकूड निघतं. ३००० ला ७ म्हणजे घनफुटाला सव्वाचारशे. आता दुसरं घ्या, खोड २० फूट आणि मधली गोलाई ४४ इंच. त्यात जवळजवळ १७ घनफूट लाकूड आहे. तेही ३००० लाच जाणार, म्हणजे घनफुटाला पावणेदोनशेच्या आसपास. जे झाड जास्त किमती, जाड, ज्यात गाभा (आतलं टिकाऊ लाकूड) जास्त, तेच सगळ्यात स्वस्त गेलं! आणि २० इंची काठी, त्यात पावणेदोन घनफूटच निघतं, ती तो ३००० देऊन नेणार का? नाही नेणार. माझ्याबरोबर हेच झालं. २०११ ला मी ३५ झाडं उक्ती दिली, विसार घेतला, त्याने पहिल्या खेपेत २१ जाडी झाडं तोडून नेली, वर म्हणाला पाऊस आलाय, रस्ता खराब आहे, बाकीची दिवाळीनंतर नेतो आणि राहिलेले पैसे तेव्हाच देतो. ती दिवाळी अजून यायचीय. बारीक झाडं माझ्या रानात तशीच उभी, आणि फोन केला की 'हां दादा, येतो की'. १२ वर्षं वही लिहिलेला माणूस मी, आणि तरी. कारण काय तर मलाही तेव्हा मुलीच्या ॲडमिशनला पैसे हवे होते आणि एकरकमी आकडा ऐकला की डोकं चालायचं बंद होतं.

तर पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा (दसऱ्याला जमलं तर उत्तम, फार लांबवू नका) दोन दिवस काढा. शिवणकामाचा टेप, एक वही, ऑइल पेंटचा छोटा डबा आणि ब्रश. प्रत्येक झाडाला छातीएवढ्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर टेप गुंडाळायचा, गोलाई लिहायची, झाडावर नंबर टाकायचा, आणि सरळ, फांदी नसलेलं खोड अंदाजे किती फूट आहे ते लिहायचं. उंचीसाठी १० फुटांची काठी झाडाला टेकवून ठेवा आणि लांबून बघा अशा किती काठ्या बसतात, दीड बसते की दोन. तेवढा अंदाज पुरतो. सोबत वाकडं आहे, पोकळ वाटतं, वाळवीने धरलंय असं काही असेल तर तेही लिहा. एक माणूस मोजायला, एक लिहायला, ११० झाडं एका दिवसात होतात. मिस्टर आणि दीर दोघांनाच पाठवा खरं तर, अर्ध्या दिवसात त्यांचं भांडण आपोआप मिटेल, कारण दोघांच्याही डोक्यातला आकडा चुकीचा आहे हे त्यांना झाडाजवळ उभं राहून कळेल.

आता मापाचं नीट समजून घ्या, कारण खरे पैसे इथे जातात, रेटमध्ये नाही. रेटवर सगळे घासाघीस करतात, मापाकडे कोणी बघत नाही. धंद्यात गोल लाकडाचं माप असं काढतात: ओंडक्याच्या मधोमध दोरी गुंडाळायची, ती दोरी चार पदरी दुमडायची, जेवढी लांबी आली तिचा वर्ग करायचा, त्याला फुटातल्या लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. ३२ इंच गोलाई, चार पदर म्हणजे ८ इंच, ८ गुणिले ८ म्हणजे ६४, गुणिले १६ फूट, भागिले १४४, आले ७.११ घनफूट. पण तोच ओंडका खऱ्या गणिताने, म्हणजे गोल धरून काढला तर ९.०५ घनफूट आहे. म्हणजे या पद्धतीतच मालकाचं साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबाबाहेर राहतं. कटाईत वाया जाणारं लाकूड म्हणून ही सूट पूर्वीपासून आहे, सगळीकडे हेच चालतं आणि रेटही याच मापावर ठरलेले असतात, त्यामुळे त्याच्यावर वाद घालू नका, पण एक लक्षात ठेवा की घट इथेच दिलेली आहे, यानंतर पुन्हा घट द्यायची नाही.

कारण पुन्हा मागतात. एक, दोरी मधोमध न लावता शेंड्याकडच्या बारीक टोकाला लावतात. तिथे गोलाई २८ भरली तर ७.११ चे ५.४४ झाले. दोन, 'साल वजा' म्हणून गोलाईतून २ इंच काढतात. दोन इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटतं ना? २८ चे २६ झाले की माप ४.६९ वर येतं. खरं लाकूड ९, वहीत पावणेपाच! आणि तीन, चार पदर केल्यावर पावणेनऊ इंच आले तर 'आठ लिही' म्हणतात. पाऊण इंच गेला वाटतं, पण वर्गात ७६ चे ६४ होतात, सहावा हिस्सा गेला. मी हे 'आठ लिही' किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही, आणि शेजारी मालक उभा असायचा, चहा पीत. म्हणून सौदा करतानाच कागदावर लिहून घ्या: माप मधल्या गोलाईचं, पाव इंचापर्यंत धरायचं, साल वजा करायची असेल तर साल काढूनच मोजायचं. आणि माप तुमच्या रानात, तुमच्या समोर, ट्रक भरण्याआधी. मिलवर गेल्यावर मोजू असं कोणी म्हटलं तर तो सौदा नको. एखादा क्यूबिक मीटरमध्ये बोलायला लागला तर १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट खऱ्या मापाचे, पण या चार-पदरी मापाने तेच पावणेअठ्ठावीस भरतात. दोन मापांची सरमिसळ करून भाव सांगितला की भले भले गडबडतात.

भाव मी इथे सांगत नाही, कारण तो गोलाई, लांबी, सरळपणा आणि गाभ्यावर बदलतो आणि गावागावात बदलतो. वही तयार झाली की तिचा फोटो घेऊन दोन-तीन सॉ मिलवर जा, एक तालुक्यातली, एक जरा लांबची, कोल्हापूरकडची चालेल, आणि विचारा की ३० इंचाच्या आतला ओला साग कसा घेता, ३० ते ४० चा कसा, ४० च्या वरचा कसा, आणि तो भाव रानातला की मिलवर पोच. वनखात्याच्या डेपोत लिलाव होतो तिथे कुठल्या गोलाईचा माल कितीला गेला हेही विचारता येतं. तीन ठिकाणी विचारलंत की तुमचं तुम्हालाच कळेल तो व्यापारी कुठे उभा आहे.

दिरांचं म्हणणं. थांबण्यात चूक नाही, त्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. साग जसा जाड होतो तसा आतला तपकिरी गाभा वाढतो आणि बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचा हिस्सा कमी होतो, म्हणून जाड मालाला घनफुटाचा भावच जास्त मिळतो. शिवाय लाकूडही वाढतं. समजा आजचं ३० इंची झाड १० वर्षांत ४० इंची झालं (जांभ्या दगडाच्या वरकसीत हे मी फार उदार मनाने धरतोय, सागाला खोल, निचऱ्याची माती लागते, कातळावर तो रुसतो), तर लाकूड पावणेदोन पट झालं. पावणेदोन पट. शंभर पट नाही. हे कोटीचं खूळ नव्वदच्या दशकातलं आहे, तेव्हा सागवान कंपन्यांचा सुळसुळाट झाला होता, एवढे पैसे गुंतवा, २० वर्षांनी प्रत्येक झाडाचे लाखो घ्या अशा पेपरभर जाहिराती यायच्या, लोकांनी पीएफचे पैसे घातले, आणि शेवटी सेबीला (गुंतवणुकीच्या बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेला) १९९९ मध्ये अशा सामूहिक गुंतवणुकीच्या योजनांसाठी नियम करावे लागले. शासनाच्या जंगलातला साग ६०-८० वर्षं वाढवून मग तोडतात, आपल्याकडचा प्रसिद्ध साग म्हणजे आलापल्ली-बल्लारशाकडचा, अयोध्येच्या मंदिराला गेला तो, त्याची आणि आपल्या घरामागच्या २७ वर्षांच्या झाडाची तुलना नको. त्यात बारीक लागवडीचा साग आता आफ्रिकेतून, इक्वेडोरमधून कंटेनर भरून येतो, त्यामुळे आपल्या बारीक मालाला फार उड्या पडत नाहीत.

मग काय करायचं? सगळी तोडू नका आणि सगळी ठेवूही नका. रोपं किती अंतरावर लावली ते तुम्ही लिहिलं नाही, पण त्या काळात बहुतेकांनी दोन-दोन मीटरवर लावली आणि मध्ये कधी विरळणी, म्हणजे अधलीमधली झाडं काढणं, केली नाही, तुमचंही तेच असणार. अशी गर्दी झाली की झाडं नुसती उंच होतात, जाडी धरत नाहीत, शेंडे एकमेकांत घुसतात. तर वहीत तीन खुणा करा. दबलेली, वाकडी, बारीक झाडं, ही जाऊ द्या, यांच्यामुळे चांगल्यांचं अन्न जातंय. सरळ, जाड, निरोगी आणि भोवती मोकळी जागा होऊ शकेल अशी ४०-५०, ही ठेवा, ही दिरांची झाडं समजा. आणि उरलेली मधली-जाड, जी ठेवायच्या झाडांना खेटून आहेत किंवा पूर्ण वाढ झालेली आहेत, ती विका, तुमचा मे महिन्याचा पैसा त्यातून येऊ दे. व्यापारी याच्या बरोबर उलटं करतो, उत्तम ते नेतो आणि काठ्या ठेवतो, म्हणून निवड तुमची, रंग तुमचा.

आणि आता मला खरंच हसू आलं ती गोष्ट. तुम्हाला छपराला वासे हवेत आणि तुम्ही सगळा साग विकून त्या पैशातून बाजारातून वासे आणणार! ताई, ती दबलेली काठीसारखी सरळ झाडं, ज्यांचे व्यापारी काहीच पैसे धरत नाही, ते तुमचे वासे आहेत. तोडल्यावर लगेच साल सोलायची, कारण सालीखाली किडा धरतो, सावलीत खाली दगड घालून उभे-आडवे रचून ठेवायचे, वाळले की काजूच्या टरफलाचं तेल दोन हात द्यायचं. बारीक झाडात पांढरं लाकूडच जास्त आणि सागाचा टिकाऊपणा असतो तो गाभ्यात, त्यामुळे हे तेल टाळू नका. हातमोजे घाला मात्र, ते तेल कातडी भाजून काढतं, माझ्या मेहुण्याने नुसत्या हाताने लावलं होतं, महिनाभर हात बांधून बसला होता.

दरवाजांचं जरा वेगळं आहे. चौकटीसाठी चांगली तीन-चार झाडं स्वतःसाठी बाजूला काढा, पण जानेवारीत तोडलेल्या ओल्या लाकडाची चौकट मे महिन्यात बसवू नका. साग इतर लाकडांइतका वळत नाही हे खरं, पण ओला तो ओलाच, दुसऱ्या वर्षी दार घासायला लागेल. मिलवर चिरून घ्या, फळ्यांच्या मध्ये पट्ट्या घालून हवा खेळेल असं रचा, टोकांना रंग किंवा शेण लावा म्हणजे टोकाकडून चिरा जाणार नाहीत, आणि दरवाजे पुढच्या दिवाळीला करा. छप्पर मे मध्ये, दरवाजे दिवाळीत, सुताराला तेवढीच उसंत.

परवानगीचं आता. हे कंटाळवाणं आहे पण इथे चुकलात तर दंडापेक्षा मोठी डोकेदुखी म्हणजे माल आणि गाडी जप्त होते आणि तुम्ही ठाण्याहून खेपा घालत बसता. साग स्वतःच्या जमिनीत स्वतः लावलेला असला तरी महाराष्ट्रात १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याच्या यादीत आहे, आणि त्याच यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, मोह, खैर, ऐन, किंजळ, बिवळा हेही आहेत. तोडायला परवानगी वेगळी आणि तोडलेला माल रस्त्यावरून न्यायला वाहतूक पास वेगळा, एक मिळालं म्हणजे दुसरं मिळालं असं नाही. घरच्या वाशांची आणि चौकटीची झाडंही अर्जाच्या यादीत टाका, आपल्याच घराला लागणारी म्हणून वगळू नका, मिलवर न्यायची झाली की पास लागणारच.

अर्जाआधी सातबारा काढून नीट वाचा. सासरे गेल्यावर वारस नोंद झालीय का? सासूबाई, मिस्टर, दीर आणि नणंद सगळ्यांची नावं हवीत. तुमच्या पत्रात नणंदेचा उल्लेखच नाही, असेल तर तिची संमती लागेल, लग्न होऊन गेली म्हणून हक्क जात नाही, आणि सही मागायला फोन करण्याआधी तिला सगळा हिशेब सांगा, नाहीतर चार वासे आणि आयुष्यभराचा अबोला. मग 'इतर हक्क' बघा. तिथे 'खाजगी वन' किंवा वनखात्याचं काही लिहिलंय का? १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याच्या नोंदी कोकणात खूप जणांच्या सातबाऱ्यावर आहेत आणि लोकांना झाड तोडायच्या वेळीच कळतं. तसं काही दिसलं तर सगळं थांबवा आणि आधी जमिनीचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा, व्यापाऱ्याला नाही. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नसेल तर तलाठ्याकडे विचारा.

हद्दीचंही बघा. गडग्यावरचं (हद्दीच्या दगडी बांधावरचं) झाड कोणाचं यावरून कोकणात दोन पिढ्या कोर्टात गेल्यात. मोजणीचा नकाशा असेल तर तो काढा, नसेल तर मोजणीचा अर्ज टाका, आणि वेळ लागणार असेल तर गडग्याला लागून असलेली झाडं या वेळी सोडूनच द्या. ती चार झाडं उभी राहिली तर काही बिघडत नाही, शेजारी बिघडला तर पाण्याची लाईन पण बिघडते.

मग तालुक्याच्या वनखात्याच्या रेंज ऑफिसला जा, अर्ज, सातबारा, आठ-अ (खातेउतारा), नकाशा, सगळ्यांची संमती. काय काय कागद लागतात त्याची यादी तिथेच लिहून घ्या, ऐकीव यादीवर जाऊ नका, एक कागद कमी पडला की एक खेप वाया. ते जागेवर येऊन झाडं बघतात, मोजतात, नंबर टाकतात. तुमची वही तेव्हा हातात ठेवा, तुमचे नंबर आणि त्यांचे नंबर समोरासमोर लिहून घ्या. तोडल्यावर मालाची नोंद होते, ओंडक्यांवर हातोड्याचा शिक्का बसतो, आणि मग पास.

आता कळलं का मी पहिल्याच ओळीत सही करू नका का म्हटलं? परवानगी तुमच्या नावाने निघते. व्यापाऱ्याने ६० च्या परवानगीवर ७५ तोडली तर विचारणा तुम्हाला. त्याने तुमच्या पासवर दुसरीकडून चोरून आणलेला माल चढवला तरी कागदावर नाव तुमचंच, आणि हे होतं, मिलच्या गेटवर पासवरचा आकडा आणि ट्रकमधला माल यांचा मेळ न बसणाऱ्या गाड्या मी बघितल्यात. खेपा घालायला वेळ नाही म्हणून माणूस ठेवायचा तर ठेवा, ओळखीतल्या कोणालातरी पैसे देऊन ठेवा, पण कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही नाही, सगळे अधिकार देणारं मुखत्यारपत्र नाही, आणि पासची प्रत प्रत्येक गाडीमागे तुमच्या फाईलला.

वेळेचं गणित सांगतो. आत्ता गणपती झालेत, सागाला शेंड्यावर पांढरट फुलोरा अजून असेल आणि पानं किड्याने खाऊन जाळी झालेली दिसतील, त्याला घाबरू नका, झाड मरत नाही त्याने. अर्ज आत्ता टाकलात तर थंडीत तोड करता येईल. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात चांगला, पानं गळायला लागलेली असतात, रस्ता सुका असतो, लाकूड पटकन वाळतं. आमच्याकडे जुनी माणसं अंधाऱ्या पंधरवड्यातच कुऱ्हाड लावायची, किडा लागत नाही म्हणून, मी पण तसंच करतो, सवय म्हणा. एप्रिल-मे वर ढकललंत तर मात्र तोड आणि छप्पर एकदमच अंगावर येईल आणि पहिला पाऊस पडला की तुमच्या कच्च्या रस्त्यावरून टेम्पो वर येणार नाही, माल रानात भिजत पडेल, मग व्यापारी म्हणेल तो भाव.

तोडीच्या दिवशी घरातलं कोणीतरी तिथे पाहिजेच, दिवसभर. झाड कुठल्या बाजूला पाडायचं हे आधी ठरवा, खाली काजू, कलमं, वीजेची तार काय काय आहे बघा, तार जवळ असेल तर आधी महावितरणला सांगून लाईन बंद करून घ्या. करवत जमिनीलगत चालवायला लावा, वीतभरही बुंधा वर नको, कारण सगळ्यात जाड लाकूड तिथे असतं आणि पुन्हा फुटवेही तिथूनच चांगले येतात. काप तिरका आणि गुळगुळीत, साल फाटू न देता, म्हणजे पाणी साचून बुंधा कुजणार नाही. पावसानंतर एकेका बुंध्याला दहा-बारा फुटवे येतील, वर्षाभराने त्यातला एक ठेवा, जास्तीत जास्त दोन, बाकीचे मोडून टाका. नवीन रोप लावण्यापेक्षा हे जोरात वाढतं, मूळ तयार असतं ना. पण मोकळ्या जागेतलेच ठेवा, ठेवलेल्या झाडांच्या सावलीतले नकोत.

तुकडे पाडतानाही लक्ष ठेवा. दरवाजाची चौकट सात फुटी असते, तिला साडेसात फुटांचा नग लागतो. मजूर घाईत सहा-सहा फुटांचे तुकडे करून मोकळे होतात, टेम्पोत बसतात म्हणून, आणि मग तोच लांबीला कमी पडणारा माल म्हणून भाव पाडला जातो. किती फुटाचे नग पाडायचे हे आदल्या दिवशी मिलवाल्याला विचारून ठेवा.

पैसे घनफुटावर, गाडी सुटायच्या आधी, खात्यात. जेवढ्या गाड्या तेवढे हप्ते, आधीची गाडी चुकती झाल्याशिवाय पुढची भरायची नाही. इन्कम टॅक्सचं थोडक्यात, खड्डे खणून लावलेली, राखलेली झाडं शेतीचं उत्पन्न धरली जातात आणि आपोआप उगवलेल्या रानाचं तसं नाही, हे १९५७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून चालत आलंय, म्हणून सासऱ्यांच्या वेळची रोपांची पावती, एखादा जुना फोटो सापडला तर जपून ठेवा आणि तुमच्या सीएला दाखवा.

त्या व्यापाऱ्याला फोन करून काय सांगायचं हाही प्रश्न असेल तुमच्यासमोर. सरळ सांगा, उक्तं द्यायचं नाही, परवानगी आम्ही काढतोय, मापावर घेणार असाल तर जानेवारीत या. चांगला असेल तर येईल, काही चांगलेही असतात. 'मग राहू दे' म्हणाला तर राहू दे.

सासूबाईंचा फणस. तो यादीतलाच आहे, म्हणजे विनापरवाना त्याला हात लावता येत नाही, पण कायद्याच्या भरवशावर बसू नका. झाडांच्या मधोमध आहे म्हणता, म्हणजे टेम्पो आत घ्यायला पहिला अडथळा तोच, आणि कटरवाले घाईत असले की 'चुकून गेला हो' म्हणायला मोकळे. आधी टेम्पोची वाट त्याच्यापासून लांबून आखा, त्याच्या बाजूला एकही झाड पाडू देऊ नका, आणि नंबर टाकायला जाल त्याच दिवशी फणसाच्या बुंध्याला कमरेच्या उंचीवर चुन्याचा जाड पट्टा मारा, लांबून दिसेल असा.